खिळ्याचा वळसा

वामनराव सरांच्या स्कूटरची चावी बार्शीटाकळीच्या घरात नव्हती. ती शंभर किलोमीटरवर, अमरावतीत, त्यांच्या लेकीच्या पर्समध्ये होती. एवढ्या एका गोष्टीपायी अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला सहासष्ट वर्षांचा माणूस दिवाळीपासून दिसेल त्याच्यावर खेकसत होता.

स्कूटरवर त्यांचं सगळं चालायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी वडिलांच्या दोन एकरांत झेंडू आणि शेवंती लावली. बायको जयवंताबाई फुलं तोडून गाठोडी बांधायच्या आणि सर पहाटे ती स्कूटरला लावून अकोल्याच्या फूलबाजारात न्यायचे. बाजारात हारवाले, मंडपवाले, दुकानदार, यांतले निम्मे त्यांचे जुने विद्यार्थी. सर आले की गल्ल्यावरचे लोक उठून उभे राहायचे. घरात त्यांच्यासाठी कोणी उठून उभं राहत नसे, आणि निवृत्त मास्तराला या गोष्टीचं किती वाटतं हे मास्तरालाच ठाऊक.

गणपतीच्या आधी एका नव्या, पट्टे न मारलेल्या गतिरोधकावर स्कूटर उडाली आणि मानेला हिसका बसला. हाड शाबूत होतं. महिनाभर गळ्यात पट्टा घातला, तो निघाला, दुखणंही कमी झालं. पण मान वळवून मागे पाहिलं की डोळ्यांपुढचं जग एक क्षण उशिरा पोचायचं. दिवाळीत सर फाटकातून स्कूटर घेऊन निघाले आणि उजवीकडून येणारा ट्रॅक्टर त्यांना दिसलाच नाही. ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून निभावलं. त्यानं सरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि तो ऐकायला माहेरी आलेली त्यांची लेक करिश्मा फाटकातच उभी होती. तिनं चावी काढून घेतली. अमरावतीची डॉक्टर हो म्हणेल त्या दिवशी चावी मिळेल, एवढं बोलून ती सासरी गेली.

डॉक्टर म्हणजे फिजिओथेरपीची डॉक्टर. नाव रश्मी. करिश्माच्या वर्गातली, बार्शीटाकळीच्याच शाळेतली. नाव ऐकल्याबरोबर सरांनी मान नकारार्थी हलवली. दुसरं कोणी नाही का त्या गावात, असं त्यांनी विचारलं. करिश्मा म्हणाली की मानेच्या कामात तिचा हात धरणारं कोणी नाही आणि आपल्याला ती तपासणीचे पैसेही लावत नाही. का नको, ते सर सांगू शकले नाहीत.

नोव्हेंबरच्या शेवटी ते एसटीनं अमरावतीला गेले. रश्मी बत्तीस-तेहतीस वर्षांची झाली होती, केस कापलेले, चष्मा. 'नमस्कार सर' म्हणाली, खुर्ची दिली आणि थेट कामाला लागली. तिच्या चेहऱ्यावर ना राग ना माया. सरांना त्यानंच जास्त अस्वस्थ वाटलं.

तपासणी मोठी मजेशीर होती. सरांच्या कपाळाला तिनं एक पट्टी बांधली. पट्टीवर बोटाच्या पेराएवढा लेझर. समोर दोन मीटरवर भिंतीला पांढरा कागद, त्यावर काळी जाड रेघ: वर-खाली जाणारे सात कोपरे, आणि शेवटी एक वर्तुळ. खांदे हलू नयेत म्हणून छातीवरून पट्टा टाकून त्यांना खुर्चीला बांधलं. आता नुसती मान हलवून लाल ठिपका त्या रेघेवरून न्यायचा, पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत. बाजूला स्टँडवर मोबाइल चित्रण करत होता. ठिपका रेघेपासून किती भरकटला, किती वेळ लागला, हे नंतर संगणक मोजणार होता. मानेचे स्नायू मेंदूचं ऐकतात की आपल्याच मनाचं करतात, ते यातून कळतं, असं रश्मीनं समजावलं.

सरांना वाटलं, यात काय मोठं. फळ्यावर हातानं वर्तुळ काढलं तर कंपासनं काढल्यासारखं यायचं त्यांचं. ठिपका पहिल्या कोपऱ्यापर्यंत कसाबसा गेला. मग तो उसळला, रेघ सोडून खाली घसरला, परत आणायला गेले तर पलीकडे उडाला. वर्तुळाचा तर वांग्यासारखा आकार झाला. अठ्ठेचाळीस सेकंद लागले आणि सरांचा सदरा घामानं भिजला. संगणकानं सांगितलं, सरासरी साडेचार सेंटिमीटर चूक. माझ्याकडे दोनच्या आत आलं तरच मी गाडीला हो म्हणते, असं रश्मी म्हणाली. तिनं घरी करायच्या व्यायामांचा छापील कागद दिला आणि सहा आठवड्यांनी बोलावलं.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत सर खिडकीबाहेर पाहत बसले. जे विसरल्यासारखं करून सोळा वर्षं काढली होती, ते शेजारी येऊन बसलं होतं.

वामनराव सर शाळेत कॉपी पकडण्यासाठी प्रसिद्ध होते. डोळ्यांत तेल घालून पर्यवेक्षण करायचे. त्यांचा एक नियम होता आणि तो ते दर वर्षी वर्गाला सांगायचे: दोघांचं उत्तर सारखं आलं तर दोघंही हुशार असतील, पण दोघांची चूक सारखी आली तर एक जण चोर आहे. दहावीच्या सराव परीक्षेत रश्मीच्या भूमितीच्या पेपरात एक प्रमेय होतं. गाइडात होतं तसं, शब्दाला शब्द. गाइडात चौथ्या पायरीला कारण चुकीचं छापलेलं होतं. रश्मीनंही तेच चुकीचं कारण लिहिलं होतं. सरांनी पेपरावर लाल शाईनं शून्य दिलं आणि तिला वर्गाबाहेर उभं केलं. चिठ्ठी सापडली नाही. गिळली असशील, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील धर्मपाल शाळेत आले. रेल्वेत गँगमन होते, ड्यूटीवरूनच आले होते, पायांवर खडीची धूळ. शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी एकच मागणं मागितलं.

"सर, पोरीले इथंच बसवा. कोरा कागद द्या. माह्यासमोर लिहू द्या. नाई आलं तं मीच तिले घरी घेऊन जातो."

गोळा झालेला पेपर परत मिळत नसतो, नियम म्हणजे नियम, असं सर म्हणाले आणि वह्या तपासू लागले. धर्मपाल पाव तास उभे होते. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही. मग ते गेले. गावात रश्मीला 'कॉपीवाली' हे नाव पडलं, ते बोर्डाचा निकाल लागेपर्यंत टिकलं. बोर्डात तिला गणितात दीडशेपैकी एकशे त्रेचाळीस मिळाले. आपल्या धाकानं पोरगी सुधारली, असं सरांनी तेव्हा चारचौघांत सांगितलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ ठीक. पण त्याच गठ्ठ्यात त्यांच्या भावकीतल्या योगेशचा पेपर होता. तेच प्रमेय, तीच चूक. तिथे सरांनी समासात 'पुस्तक लक्ष देऊन वाच' असं लिहिलं आणि दोन गुण कापले. त्यानं पाठ केलं असेल असं त्यांना वाटलं होतं. तिनं पाठ केलं असेल असं का वाटलं नाही, हे त्यांनी तेव्हा स्वतःला विचारलं नव्हतं. आता एसटीत विचारलं, आणि आलेलं उत्तर त्यांना मुळीच आवडलं नाही.

पण पश्चात्ताप वेगळा आणि चावी वेगळी. घरी आल्यावर सरांनी व्यायामाचा कागद वाचला. भिंतीपुढे बसा, खुणेकडे पाहा, डोळे मिटा, मान वळवा, परत आणा. बालवाडीतला प्रकार. त्यांनी तो कागद डाळीच्या डब्याखाली सारला. परीक्षेत जे येणार तेच करावं, हे त्यांना आयुष्यभराच्या अनुभवानं माहीत होतं. आणि पेपर तर त्यांनी पाहून ठेवला होता. सात कोपरे, एक वर्तुळ. गणिताच्या मास्तराच्या नजरेतून आकृती सुटते होय.

ओसरीच्या भिंतीवर त्यांनी खडू-पट्टीनं तीच रेघ काढली, मापात. अकोल्याच्या बाजारातून येणाऱ्या मंडपवाल्याकडून एक लेझर मागवला, जुन्या टोपीला रबरानं बांधला, खुर्चीला स्वतःला जयवंताबाईंच्या साडीनं बांधून घेतलं. उन्हात ठिपका दिसत नसे, म्हणून रोज दिवेलागणीला बसायचं. जयवंताबाई शेजारी हार ओवता ओवता मोबाइलवर सेकंद मोजायच्या.

एक अडचण होती. ओसरीच्या भिंतीत एक खिळा होता. त्याला हाराचा दोरा अडकवून जयवंताबाई ओवत, तीस वर्षं. रेघ पाचव्या कोपऱ्याकडे जाताना नेमकी त्या खिळ्यावरून जात होती. ठिपका खिळ्याच्या डोक्यावर आला की फुटायचा, डोळे दिपायचे. सर म्हणाले, खिळा काढू. बाई म्हणाल्या, आधी मला काढा. मग सरांनी तेवढ्यापुरती रेघ पुसली आणि खिळ्याला वरून छोटासा वळसा घातला.

"तुमी पोराइले कॉपीसाठी बाहेर काढत होते ना," जयवंताबाई एका संध्याकाळी सुई न थांबवता म्हणाल्या, "अन् आता सोता फुटलेला पेपर घोकून राहिले."

"कॉपी नाई ते. पाठांतर हाये," सर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळल्यावर टोपीचं रबर उगाच घट्ट करत बसले.

तरी त्यांनी सोडलं नाही. हट्टाला पेटलेला मास्तर होता तो. पहिल्या आठवड्यात वर्तुळाचं वांगंच होत राहिलं. तिसऱ्या आठवड्यात ठिपका कोपऱ्यावर थांबायला शिकला. पाचव्यात सर डोळे अर्धे मिटूनही रेघ काढू लागले. रोज तास, सवा तास. या काळात एक गोष्ट घडत होती तिच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं: फाटकात कोण आलं ते पाहायला ते आता खांद्यासकट वळत नव्हते. नुसती मान वळत होती, आणि जग वेळेवर पोचत होतं. हे जयवंताबाईंनी पाहिलं, पण त्या बोलल्या नाहीत. माणूस कामाला लागलेला असला की त्याला छेडू नये, हे त्यांना तेवढंच पक्कं ठाऊक होतं.

जानेवारीत सर पुन्हा अमरावतीला गेले. करिश्मा सोबत होती, चावी पर्समध्ये. ती बाहेर बसली. रश्मीनं पट्टी बांधली, छातीवर पट्टा ओढला, मोबाइल सुरू केला. सरांनी श्वास घेतला आणि ठिपका सोडला. ठिपका शहाण्या बैलासारखा रेघेवरून चालला. सात कोपरे, वर्तुळ. एकवीस सेकंद. संगणकानं आकडा दाखवला: एक पूर्णांक एक.

सर पट्टा सोडू लागले. रश्मी पडद्याकडे पाहत होती. तिनं चित्रण मागे नेलं, सावकाश चालवलं, पुन्हा मागे नेलं. मग पडदा सरांकडे फिरवला. काळी रेघ सरळ होती. तिच्यावरून गेलेल्या ठिपक्याची लाल रेघ मात्र पाचव्या कोपऱ्याच्या अलीकडे वर उचलली होती, कोऱ्या पांढऱ्या कागदावर एक छोटासा उंचवटा करून परत खाली आली होती. बाकी कुठेही एवढी चूक नव्हती.

"सर, इथं काय आहे?"

सरांनी पाहिलं. क्षणभर काही सुधरेना. मग तो वळसा ओळखीचा वाटला. अठ्ठावीस वर्षं त्यांनी याच खुणेवरून पोरं पकडली होती.

"खिळा," ते म्हणाले.

मग सगळं सांगावं लागलं. ओसरीची भिंत, खडू, टोपी, साडी, हाराचा दोरा, डाळीच्या डब्याखालचा कागद. बोलताना त्यांनी मान खाली घातली होती, आणि कपाळावरचा लेझर अजून चालू असल्यामुळे लाल ठिपका त्यांच्याच चपलांपाशी थरथरत होता. रश्मीनं पुढे होऊन तो बंद केला.

"कॉपी नाही केली मी," शेवटी ते म्हणाले. "पाठ केलं. चुकीसकट पाठ झालं."

"होय सर," रश्मी म्हणाली. "तसंच होते. चुकीसकटच पाठ होते."

ती हे हळू बोलली, पण सरांना तोंडात बसल्यासारखं झालं. म्हणजे ती विसरली नव्हती. एक दिवसही विसरली नव्हती.

आता ही नाही म्हणणार, आणि तिनं म्हणावंच, असं त्यांना वाटलं. गोळा झालेला पेपर परत मिळत नसतो. पण रश्मी भिंतीपाशी गेली. कागदाच्या चार चिकटपट्ट्या काढल्या, कागद फिरवून खालची बाजू वर केली आणि पुन्हा लावला. आता वर्तुळ सुरुवातीला होतं आणि सगळे कोपरे उलटे.

"हे तर पाठ नाही ना? लिहा पुन्हा. मी थांबते."

सरांचे डोळे भरून आले आणि समोरची रेघ दिसेना. तिनं खरंच वाट पाहिली. मग त्यांनी डोळे पुसले आणि ठिपका वर्तुळावर ठेवला. या वेळी तो चाचरत गेला, दोन कोपऱ्यांवर अडला, तिसऱ्यावर थोडा घसरला, पण रेघ धरून राहिला. चौतीस सेकंद. एक पूर्णांक आठ.

रश्मीनं आकडा लिहून घेतला. सहा आठवडे जे केलं तोच उपचार आहे, ती म्हणाली. मी दिलेल्या कागदापेक्षा कठीणच केलंत, रोज एवढा वेळ कोणी करत नाही. मान बरी झाली आहे. स्कूटर चालवा, हळू चालवा, आणि भिंत पुसू नका. फक्त रेघ अधूनमधून बदलत जा. हे सगळं ती कोणत्याही रुग्णाला सांगावं तसं सांगत होती.

सर उठले नाहीत. तुझ्यावर मी अन्याय केला, असं त्यांनी सांगितलं. योगेशच्या पेपराचंही सांगितलं, जे तिला माहीत नव्हतं. ते ऐकताना तिचा हात लिहिता लिहिता थांबला. मग ती बोलली, पण डॉक्टरसारखी नाही.

"मले सांगून काय होते सर. मी शिकली, पुढं गेली. बाबाले सांगा. ते अजून म्हणतात, म्याच लवकर निघून आलो. आणखी पाच मिनिटं उभा राह्यलो असतो तं सरांनी कागद देला असता."

बाहेर करिश्मानं चावी काढून बाबांच्या हातावर ठेवली. एवढे रडवेले का झालात, असं तिनं विचारलं. मान दुखते का? सर म्हणाले, नाही, मान चांगली आहे.

धर्मपाल निवृत्तीनंतर अकोल्यात, मुलाच्या घरी राहत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी सरांनी बाजारात गाठोडी उतरवली, चहा नाकारला आणि पत्ता विचारत विचारत निघाले. फुलं न्यावीत का, यावर त्यांनी बराच विचार केला होता. नेली नाहीत. फुलं हातात असली की माणूस बोलायचं ते फुलांवर ढकलतो. प्रत्येक चौकात थांबून त्यांनी दोन्हीकडे मान वळवून पाहिलं. उजवीकडचं दिसत होतं, डावीकडचं दिसत होतं.

धर्मपाल व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. केस पांढरे झाले होते, अंगात स्वेटर होता. सरांना त्यांनी ओळखलं, लगबगीनं उठले, प्लास्टिकची खुर्ची पुढे ओढली आणि हातानंच पुसली.

"बसा ना सर."

"बसतो," वामनराव म्हणाले. "आधी बोलतो, मंग बसतो."

त्यांनी खुर्चीला हात लावला नाही. एसटीत आणि स्कूटरवर जुळवलेली वाक्यं त्यांना एकही आठवेना, तेव्हा जे होतं ते त्यांनी सांगून टाकलं.

"पोरीनं चोरी केली नव्हती, धर्मपालभाऊ. तिनं पाठ केलं होतं. मले ते तेव्हाच समजाले पायजे होतं, अन् म्या समजून घेतलं नाई. अन् त्या दिवशी तुमी आणखी घंटाभर उभे राह्यले असते, तरी म्या कागद देला नसता. तुमचं काही कमी पडलं नाई."

धर्मपाल ऐकत होते. खुर्चीच्या पाठीवरचा त्यांचा हात तसाच राहिला होता. घरात कुणीतरी नळ सोडला, बादलीत पाणी पडू लागलं, बादली भरून नळ बंद झाला. तोवर दोघंही उभेच होते.

"सोळा वर्सं झाली," धर्मपाल म्हणाले. त्यांनी खुर्ची पुन्हा एकदा पुसली आणि सरांच्या जवळ सरकवली. मग आपल्यासाठी आतून दुसरी आणायला गेले.